दोनशे पाच मिलिमीटर

शोरूममधल्या निनाद मगदूमनं
सगळं आमच्या मालकांकडं बघूनच सांगितलं:
टॉर्क, मायलेज, सहा एअरबॅगा, उघडणारं छत.
मालक मान डोलवत होते,
ज्यांना स्कूटरसुद्धा स्टँडवर नीट लावता येत नाही.
मी विचारलं, बूड जमिनीपासून किती वर?
तेव्हा कुठं तो माझ्याकडं वळला.
दोनशे पाच मिलिमीटर, मॅडम.
बघतो की, म्हटलं
(आमच्याकडं बायकाही ‘बघतो’च म्हणतात)
आणि पर्समधली पोलादी पट्टी काढून
त्या गुळगुळीत फरशीवर गुडघे टेकले.

शिरोलीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी ब्रेकचे ड्रम मोजते.
लेथवरून उतरलेलं, अजून कोमट लोखंड.
गेज घालायचा, कडेवरून बोट फिरवायचं.
पास. पास. रिजेक्ट.
पेटी कुठं जाते ते कुणी सांगत नाही.
पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला म्हटलं, मागचं चाक उतर.
काही वाजतंय का काकू?
नाही रे, ओळख काढायची आहे.

शिक्का आमचा नव्हता.
दुसऱ्याच कुठल्या गावच्या टेबलावरून
कुणीतरी बोट फिरवून सोडलेला.
कडेला हिरव्या रंगाचा ठिपका, अर्धा गेलेला.
मीही तसाच लावते. पिवळा.

चौऱ्याऐंशी हप्ते.
गाडी आणली त्या संध्याकाळी
चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक,
पेढे वाटून झाले,
आणि मग कळलं, गल्लीत ती शिरतच नाही.
बोंद्र्यांचा नळ आडवा येतो.
जगाचं माप घेणाऱ्या बाईनं
स्वतःची गल्ली मोजली नव्हती.

म्हणून ती दत्तू बोडक्याच्या कट्ट्यापाशी असते,
जिथं पहाटे म्हशी येतात
आणि माणसं ग्लास धरून उभी राहतात
धारेखालच्या फेसासाठी.
चौथ्याच दिवशी तुळशी म्हशीनं
डाव्या दारावर शिंग घासलं.
लांबी एकशे चाळीस, खोली नखाला लागेल एवढी.
दत्तू स्वतःचे कान धरून उभा.
म्हटलं, असू दे दत्तूदा, जनावराला काय कळतंय.
घरी येऊन नळ मोठा सोडला
आणि मोरीत बसून रडले थोडी.

जुलैत, रात्री साडेअकराला, फोनवर आकडा आला.
राजाराम बंधारा, एकोणचाळीस फूट.
शुक्रवार पेठेत हा आकडा पोरांनाही पाठ असतो.
त्रेचाळीसला काय होतं
ते आमच्या भिंतीवरची तपकिरी रेघ सांगते.
दोनदा रंग दिला,
तरी वर येते.

मागच्या सीटवर दत्तूची आई, मांडीवर देव्हारा.
डिकीत दोन सिलिंडर, शिलाई मशीन,
बोंद्र्यांच्या गव्हाची पोती. हो, त्याच बोंद्र्यांच्या.
पुढं मालक, टीव्ही कवटाळून.
आणि स्टिअरिंगवर मी,
लायसन्स मिळून पाच महिने झालेली.
निघायच्या आधी उतरले,
मोबाइलच्या उजेडात पट्टी लावली.
एकशे बासष्ट.
कुणाला बोलले नाही.

पापाच्या तिकटीकडं जाताना रस्त्याच्या मधोमध
दत्तूच्या अकरा म्हशी,
ओल्या, काळ्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.
मालक टीव्हीमागून म्हणाले, हॉर्न दे की.
दिला नाही.
पहिला गिअर, वायपर चालू,
आणि तुळशीच्या शेपटीपासून
साधारण दीड मीटर अंतर ठेवून
चढाकडं निघालो सगळे.